पेटीची पोच

"पासवर्ड बदलायचा म्हणजे बदलायचा! जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. अख्खी शाळा आपल्या वायफायवर येऊन बसलीय."

"अख्खी नाही. दहावीच्या नऊ मुली आहेत. परीक्षेचे फॉर्म भरतायत."

"आणि ती दवाखान्यातली सिस्टर? काल तीही फॉर्मच भरत होती का? ऐन शेवटच्या मिनिटाला माझा सामना अडकला!"

"वाचनालयाच्या रखवालदाराच्या छातीचा आलेख, ईसीजी, शहरातल्या डॉक्टरांना पाठवत होती. तोही अडकला. तुमच्या सामन्यामुळे."

नवऱ्यानं रिमोट काही खाली ठेवला नाही.

बाई समोरच्या वाचनालयात ग्रंथपाल. वाचनालय, शाळा आणि सरकारी दवाखाना एकाच आवारात, आणि तिन्ही ठिकाणी नेटच्या नावानं बोंब. संगणकाचे मास्तर फळ्यावर कीबोर्ड काढून शिकवत. मुली खडूच्या बटणांवर बोटं आपटत. बाईंनी ब्रॉडबँडसाठी दोन वर्षांत चौदा अर्ज केले, सभा गाजवल्या, टाळ्या घेतल्या. लोक त्यांना कौतुकानं 'नेटबाई' म्हणत. उत्तर मात्र दर वेळी तेच यायचं: आपल्याकडे जोडणी झालेली आहे, सबब नव्यानं मागणी करता येत नाही.

ती जोडणी कशी झाली, हे बाई कुठल्याच सभेत सांगत नसत.

दोन वर्षांपूर्वी दूरसंचार खात्याची दोन माणसं आली, वाचनालयाच्या भिंतीवर एक पेटी ठोकली आणि म्हणाली, "लाइन मागून येईल." आता बाईंच्या हाताखाली आलेली वस्तू दाखल नंबर पडल्याशिवाय सुटत नसे. घरातल्या डब्यांवरसुद्धा नंबर होते. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझ्यावर तेवढा टाकायचा राहिलाय." तर बाईंनी रजिस्टर काढलं, पेटीला सुवाच्य अक्षरात १४२१२ नंबर दिला, आणि त्याच झोकात समोर आलेल्या कागदावर सही करून शिक्का हाणला. कागदावर छापलं होतं: तिन्ही इमारतींचं काम पूर्ण, सेवा समाधानकारक. एकतीस वर्षं लोकांना 'वाचा, वाचा' म्हणणाऱ्या बाईंनी तो तेवढा वाचला नाही.

लाइन काही आलीच नाही. "चूक झाली म्हणून कळवून टाकते," असं तेव्हा त्या म्हणाल्याही होत्या. पण नवरा त्याच खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "वेडी आहेस का? खोटी पोच दिलीस म्हणून चौकशी लागेल. अर्ज करत राहा. अर्ज केल्यानं कोणाचं काही बिघडत नाही."

ते मात्र खरं होतं. खात्याचंही काही बिघडलं नाही.

आता निवृत्तीला चार महिने उरले होते. 'आदर्श ग्रंथपाल' म्हणून सत्कार ठरला होता. त्यासाठीची साडी नवऱ्यानं स्वतः पसंत केली होती.

तेवढ्यात सिस्टर दारात आली. चपलाही काढल्या नाहीत तिनं.

"बाई, रखवालदारमामा वाचले. पण शहरातले डॉक्टर म्हणतात, आलेख अर्धाच दिसला, अंदाज येईना. पुन्हा पाठवेपर्यंत तास गेला. हृदयाचा निम्मा भाग गेलाय. आता जिनासुद्धा चढायचा नाही."

"अरेरे," नवरा म्हणाला. "मग तेव्हा सांगायचं ना, मी बंद केला असता!"

"दोनदा सांगितलं, काका. तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं थांब."

आतून सासूबाई म्हणाल्या, "तीनदा. मी ऐकलं."

सिस्टर गेली. बाई उठल्या, पिशवीतून रजिस्टर काढलं, १४२१२ वर पट्टी धरून लाल रेघ मारली. कोरी पानं निघालेलं पुस्तक रद्द करताना शेरा लिहायची त्यांची पद्धत होती. तोच लिहिला: 'आत मजकूर नाही.' मग कोरा कागद घेतला.

"अगं, काय लिहितेयस?"

"पंधरावा अर्ज."

"असं होय. मग ठीक."

त्यानं मान लांब करून पहिली ओळ वाचली, आणि रिमोट पहिल्यांदाच हातातून सुटला. "अगं, चौकशी होईल! पेन्शन अडकेल! सत्काराचं काय?"

"आई, तुम्हीही ऐका," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "जोडणी झालेली नाही, पोच मी दिली, न वाचता दिली, आणि दोन वर्षं लपवली. हे उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देणार आहे. साडी परत करा. पासवर्ड तोच राहील. सामना आजपासून रेडिओवर."