आधी प्रूफ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, काय ही सून! सासऱ्यांवर, म्हणजे आमच्या अण्णांवर, त्या दिवशी मी जी डाफरले ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

अण्णा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, खणातून उचलायचा, ओळ जुळवायची, ओळींचं पान बांधायचं, छापून झालं की खिळे परत खणात. एकोणचाळीस वर्षं हेच. मग छापखान्यात कॉम्प्युटर आला, खिळे वितळायला गेले आणि अण्णा घरी आले. कुरकुर नाही की काही नाही. फक्त भाजी निवडायला बसले की काड्या लांबीप्रमाणे ओळीत लावून ठेवायचे. मी म्हणायचे, "अहो अण्णा, शिजल्यावर सगळं एकच होणार." ते म्हणायचे, "शिजेपर्यंत तरी नीट राहू दे की."

माझं काम मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचं. ज्या मुलांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी शाळा माझ्याकडे साधं पुस्तक पाठवते, मी ते टाइप करून टपोऱ्या अक्षरांत मांडून देते. त्या वर्षी चौथीतल्या एका मुलीचं विज्ञानाचं पुस्तक होतं. अखंड बडबड करते म्हणून सगळी शाळा तिला चिमणी म्हणते. साधं पुस्तक नाकाला लावलं तरी तिला नुसते डाग दिसायचे. तीन वर्षं ती मैत्रिणीच्या शेजारी बसून ऐकत होती. मला म्हणाली, "मला ना, माझं माझं वाचायचंय." मी शब्द दिला, सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी पुस्तक तुझ्या हातात. शाळा उघडायला अकरा दिवस होते, एकशे ऐंशी पानं झाली होती, आणि माझा कॉम्प्युटर बसला. निळा पडदा दाखवायचा, बंद व्हायचा, परत निळा पडदा. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हो, माहितीये मला. नवऱ्याने ऐकवून झालंय, तुम्ही नका ऐकवू.

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "ताई, ह्याच्याकडे आता कंपनी बघत नाही. नवी सिस्टिम ह्याच्यावर चढणार नाही. टाकून द्या."

"आणि आतलं?"

"बघतो. पण उडालं तर मला बोलायचं नाही."

अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "मशीन बिघडलंय का?"

"मशीन ठणठणीत आहे हो काका. जुनं झालंय, एवढंच."

अण्णांनी पेपराची घडी केली आणि चपला घालून बाहेर निघून गेले. मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं, राहू दे, मी कळवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले; मुलांना सुट्टी असली तरी शिक्षक कामाला येत होते. पुस्तक वेळेवर होईल असं वाटत नाही, हे वर्गाच्या बाईंना तोंडावर सांगायला हवं होतं. दुपारी परत येते तर पुढच्या खोलीत कॉम्प्युटर चालू! पडदा अनोळखी, चित्रं वेगळी, समोर अण्णा. शेजारी आमच्या गल्लीतल्या टायपिंगवाल्या बाई. पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आता घरी त्या कसलीशी फुकट, सगळ्यांना खुली असलेली सिस्टिम वापरतात आणि भेटेल त्याला तिचं कौतुक सांगतात.

"नवी सिस्टिम चालू केली बरं का," अण्णा म्हणाले. चेहरा असा फुललेला.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "कोणाला विचारून? अहो, माझं पुस्तक होतं त्यात! त्या पोरीला काय सांगू मी? जन्मभर दुसऱ्याचंच जुळवलंत तुम्ही, स्वतःचं काही गेलं की काय होतं ते तुम्हाला काय कळणार!"

अण्णा चष्मा काढून पुसत बसले.

बाई म्हणाल्या, "श्वास घे आधी. तुझ्या डिस्कला कोणी बोट लावलेलं नाही. ही सिस्टिम पेन ड्राइव्हवरूनच चालते, आधी चालवून बघता येते. मी म्हटलं, थेट डिस्कवरच चढवून मोकळे होऊ या. पण हे ऐकतील तर शपथ! प्रूफ काढल्याशिवाय पान सोडायचं नाही म्हणाले. आत जाऊन बघ."

आत पलंगावर, खुर्चीवर, फ्रिजवर कागदांचे गठ्ठे. माझं पुस्तक. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी पानं. अण्णांनी सकाळपासून बसून बाईंच्या मदतीने सगळ्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या होत्या, आणि त्यावरही भरवसा नाही म्हणून प्रत्येक पान छापलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच कागदांच्या मधे फतकल मारली आणि रडले.

मग ती सिस्टिम रीतसर डिस्कवर चढवायचं ठरलं. बाईंनी सूचना छापून आणल्या होत्या. अण्णांनी त्या अक्षर न अक्षर टाइप केल्या, खालच्या 'पान ३'सकट. मशीन अडून बसलं. बाईंनी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, "समोर आहे ते जुळवायचं, जुळाऱ्याने आपली अक्कल चालवायची नसते." पान तीन काढून टाकल्यावर सगळं सुरळीत झालं. जे मशीन भंगारात निघालं होतं ते तुरुतुरु चालायला लागलं. मी कामाला लागले.

अण्णा मात्र प्रूफ वाचत होते. तिसऱ्या दिवशी एक पान घेऊन आले. "ही वेलांटी बघ."

नव्या सिस्टिममधल्या अक्षराचा साचा, म्हणजे फॉन्ट, छोट्या आकारात सुंदर दिसायचा. आम्हाला हव्या त्या मोठ्या आकारात मात्र वेलांटीचा वरचा भाग कापला जात होता. 'की'चं 'का' झालं होतं. तुम्ही-आम्ही अंदाजाने वाचतो. चिमणीने कसला अंदाज करायचा? आणि शाळा उघडायला उरले होते आठ दिवस.

"ज्यांनी हा साचा केलाय त्यांना कळव," बाई म्हणाल्या. "पत्ता त्यातच दिलेला असतो."

"आणि ते ऐकणार? आपलं कोण लागतंय तिथे?"

अण्णांनी वाद घातला नाही. लाल पेनाने पानावर खुणा केल्या, समासात रेघ ओढली, छापखान्यात प्रूफ तपासताना करतात तसं. मी त्या पानाचा फोटो काढला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. चिमणीचंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर! कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस, नोकरी सांभाळून हे काम करणारा. वेलांटी त्याला पटली होती. पण समासातली ती लाल रेघ काय आहे, तीही चूक आहे का, असं त्याने विचारलं होतं. अण्णा इतके हसले की ठसका लागला. त्याच्या पुढच्या दिवशी दुरुस्त केलेला साचा आला. अण्णांनी सगळं पुस्तक पुन्हा छापून घेतलं आणि पुन्हा वाचलं. एकही वेलांटी कापलेली नव्हती. ना ओळख ना पाळख, आणि त्या माणसाने आमच्या एका पोरीसाठी दोन दिवस घातले. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

साच्याबरोबर आलेल्या त्याच्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. ज्यांनी मदत केली त्यांची नावं आम्ही यादीत छापतो, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय लिहू?

"माझं कशाला?" अण्णा म्हणाले. "मी नुसतं प्रूफ पाहिलं."

मी तसंच कळवलं. उत्तर आलं, म्हणूनच तर विचारतोय.

अण्णांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "लेखकाचं नाव मी जुळवलं, मालकाचं जुळवलं, चित्रं काढणाऱ्याचं जुळवलं. जुळाऱ्याचं जुळव असं मला कधी कुणी सांगितलं नाही बघ." तक्रार नव्हती त्यात, साधं सांगत होते. मला मात्र माझेच शब्द आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, त्या दिवशी मी नको ते बोलले. चुकलं माझं."

"अगं, पान गेलं असं वाटलं की माणूस ओरडतोच," ते म्हणाले. "तू यादीत 'अण्णा' लिही. तेवढं पुरे."

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मी पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. तिथे शाळेचं नाव होतं, माझं होतं. मी त्याखाली एक ओळ वाढवली आणि अण्णांना दाखवली नाही. त्यांना न दाखवता छापलेलं हे एकच पान.

पुस्तकाचे दोन भाग झाले होते, चांगलेच जड. शाळेत नेताना एक मी घेतला, एक अण्णांनी. चिमणीने बाकावर पुस्तक उघडलं आणि ताठ बसूनच पहिलं वाक्य घडाघडा वाचलं. मग दुसरं. वर्गाच्या बाई डोळे टिपायला लागल्या. आता ही कार्टी थांबते कुठली? दिसेल ते वाचत सुटली, पानावरचे आकडेसुद्धा. दुसरा भाग हातात घेतला तो थेट शेवटून उघडला.

"'प्रत्येक अक्षर तपासलं: अण्णा, जुळारी,'" तिने मोठ्याने वाचलं आणि मान वर केली. "हे अण्णा कोण?"

अण्णा दारातच उभे होते. "मी," ते म्हणाले, आणि चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचायला पुढे झाले.