वाकड्या अंगठ्याचा आकडा

दिवसभर ती संगणकाच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलाशी बसायची, गिऱ्हाइकांची बोलणी खायची. पण इंटरनेटवरच्या संगणकवेड्यांच्या मंडळात तिचा दरारा होता. तिथे ती 'खडूस' या नावाने वावरायची. खडूस म्हणजे कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजारात न आलेला एखादा प्रोसेसर कुणाच्या तरी हाती लागायचा, तो त्याला ठरलेल्या वेगापलीकडे पिटाळायचा आणि चाचणीतला वेगाचा आकडा गुपचूप फोडायचा. तो आकडा खरा की थाप, हे खडूस ठरवायची.

तिची रीत साधी होती. फार पिटाळलं की कधी कधी संगणकाचं आतलं घड्याळच मागे पडतं आणि काम लवकर उरकल्यासारखं दिसतं. म्हणून ती पडद्याशेजारी साधं घड्याळ ठेवून काढलेला व्हिडिओ मागायची. फोडणारा पकडला जाऊ नये म्हणून तो व्हिडिओ तिच्याशिवाय कुणी पाहायचं नाही, असा मंडळाचा नियम. तिने सांगितलं की विषय संपला.

त्या रविवारी सकाळी आलेल्या व्हिडिओत घड्याळ सरळ करणारा एक हात दिसला. अंगठा वाकडा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा तर गुरुजी, दुकानात सगळे त्याला असंच म्हणायचे! सात वर्षांपूर्वी ती दुकानात नवी होती आणि हा तिथला मुख्य कारागीर. तिने पहिला मोठा आकडा काढला, तेव्हा पडद्याकडे ढुंकूनही न बघता त्याने साऱ्यांना सांगितलं होतं, "थाप आहे." पुढे दोन वर्षं जो तो तिची टर उडवत होता.

"आता सापडलास, बेट्या," ती मोठ्याने म्हणाली.

तिने व्हिडिओ लावला. संगणकाची दहा मिनिटं, शेजारच्या घड्याळाचीही दहाच. पुन्हा लावला. संगणकाच्या वेळेत अर्धा सेकंद तरी कमी निघावा म्हणून तिने जंग जंग पछाडलं.

"अगं, सकाळपासून तेच घड्याळ बघत बसलीयस," आई आतून म्हणाली. "ऊठ, जेवून घे."

"थांब गं. आधी एकाची जिरवायचीय."

पाचव्यांदाही आकडा खराच निघाला. आणि काय झकास आकडा होता मेल्याचा! तिने लिहिलं, 'संगणकाचं घड्याळ मागे पडलंय. अमान्य.' मग उठून पोटभर जेवली.

दुपारभर मंडळाने त्या अनामिकाची सालटी काढली. ती एकेक शेरा चवीने वाचत होती. चारच्या सुमाराला तिला त्याचा निरोप आला.

'तुम्ही म्हणता म्हणजे माझंच चुकलं असणार. नाद सोडतो आता. पूर्वी दुकानातल्या एका पोरीचा आकडा मी न बघताच थाप ठरवला होता. तुम्ही निदान बघितलंत तरी.'

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकाल बदलायला तिने पान उघडलं, 'माझ्या हातून चूक' इतकं लिहिलं आणि थांबली. मग त्याला विचारलं, 'त्या पोरीचं नाव काय?'

उत्तर आलं, 'नाव काही आठवत नाही बुवा. का हो?'

तिने लिहिलेलं खोडून टाकलं. निकाल आजही तसाच आहे. त्याचं घड्याळ बरोबर होतं, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आता तर त्यालाही नाही.