हॉर्नशिवाय सिकंदराबादपर्यंत

आमचे हे गेले त्याला आज वर्ष झालं, आणि मी सकाळपासून हसतेय.

हसू द्या. रडून झालंय.

ह्यांचं माझ्याशी जन्मभर एकच भांडण. "अगं हळू बोल, बेगम बाजारापर्यंत ऐकू जातंय!" आणि आमचं घर मलकपेठेत, मधे अख्खी मुसी नदी, म्हणजे बघा.

तर लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. दवाखाना सिकंदराबादला. आमची जुनी निळी गाडी, हे चालवतायत, मागे लेक आणि मी, माझ्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. लाडू आधीच वळून ठेवले होते, ह्यांच्यापासून लपवून. असो.

पहिल्याच सिग्नलला गाडी तापली.

काटा लाल रेघेपाशी. गाडी चालायला लागली की काटा खाली. पुढचा सिग्नल आला, परत वर.

मी म्हटलं, "अहो, रेडिएटरचं झाकण उघडून थंड पाणी ओता!"

"नको! आत्ता उघडलं तर तोंड भाजेल."

गाडी कडेला घेतली. लेक कळवळतेय, "बाबा, ऑटो बघा ना!"

"दोन मिनिटं, बेटा."

खाली उतरून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पाण्याची बाटली भरलेलीच होती. मला म्हणाले, एसी लाव, म्हणजे इंजिनाचा पंखा फिरायलाच हवा. लावला. ह्यांनी कान दिला.

"चालताना वारा लागतो म्हणून गार राहते. उभी राहिली की पंख्याचं काम. तो फिरतच नाहीये."

मग काड्यापेटीपेक्षा लहान अशी एक काळी डबी उपसली. रिले म्हणतात तिला, पंख्याला वीज पोचवते; तीच बिघडली होती. तसलीच दुसरी हॉर्नची होती, ती काढून पंख्याच्या जागी बसवली.

भर्रर्र!

पंखा सुरू. काटा हळूहळू खाली.

"झालं. पण आता हॉर्न नाही."

दुपारची वेळ, पुढे कोठी बाजाराची गर्दी. हॉर्नशिवाय आपल्या हैदराबादेत कोण वाट देतं?

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मालू, आता तू ओरड."

मी काच खाली केली. "हटो मियाँ, हटो! बच्ची को बच्चा हो रा!"

शेजारचा ऑटोवाला म्हणतो, "हल्लू खाला, बच्चा अंदरिच डर जाइंगा!" आणि स्वतःच पुढे होऊन पों-पों करत आमची वाट मोकळी करत निघाला.

लेक कळा सोसता सोसता हसतेय. हे स्टिअरिंगवर थाप मारून म्हणतायत, "अजून जोरात!"

पोचलो. लाडू गाडीतच राहिले. थोड्या वेळात नात झाली, आमची उर्वी. रडली ती माझ्या वरताण.

हे दाराबाहेरून ऐकत होते. म्हणाले, "हिला कुणी हळू बोल म्हणायचं नाही."

कुणी म्हटलं नाही. आता ती फोनवर बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावतात.

मलाही वर्षभर कुणी हळू बोल म्हणालं नाही. तेवढं एक चुकल्यासारखं वाटतं.

अहो, काच खाली केलीय. ऐकू येतंय ना?

श्रद्धांजली तुम्हाला. मोठ्या आवाजात.