जिथवर वाचलं, तिथवर

“वाचलं नव्हतं तवा गोष्ट अलग होती. आता वाचलं ना, बाप्पा!”

एवढं बोलून भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळे चोळायचे. बोटांनी कधीच नाही, कारण बोटांना मलम लागलेलं असायचं. हे वाक्य ते कुणाला काही पटवून देण्यासाठी म्हणत नसत. ओझं घेतलेला माणूस वाटेत थांबून श्वास घेतो, तसं म्हणत.

मारेगावच्या अलीकडे, सडकेला लागून आमचा मिशनचा दवाखाना होता. मी तिथं कंपाउंडर होतो आणि भाऊ ड्रेसर. दवाखान्याच्या मागं, नाल्यापलीकडे महारोग्यांच्या आठ-दहा झोपड्या होत्या. रोज सकाळी ते रोगी नाला ओलांडून येत, दगडी ओट्यावर पाय सोडून बसत आणि भाऊ एकेकाच्या जखमा धूत. वीस-बावीस वर्षं हेच काम. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आमच्याशी बोलणं बेताचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नसते, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नसतं.

लक्ष गेलं ते चष्म्यामुळं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना चष्मा करवून दिला. नागपूरला लोकांनी दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तोवर भाऊ मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसून नुसतं ऐकत. आता अक्षर दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून धरलं. दुपारी काम संपलं की कडुलिंबाखाली बसायचं, ओळीखाली बोट ठेवायचं आणि अर्धं पान वाचायचं. रोज अर्धंच. आणि स्वतःशी एक गोष्ट ठरवलेली: जिथवर वाचलं, तिथवर पाळायचं.

पहिलं पुस्तक गोष्टींचं. त्यात पाळण्यासारखं फारसं निघालं नाही. दुसऱ्या पुस्तकात मोशे डोंगरावर चढला, सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, विसावा घ्यायची आज्ञा घेऊन उतरला आणि आमची पंचाईत सुरू झाली.

भाऊ डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, “बाई, शनिवारी मी काम नाई करणार. त्या बदल्यात ऐतवारी करतो. जखमेले ऐतवार कळत नाई.”

शनिवारी आमच्याकडे बाजार, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. तरी बाईंनी कबूल केलं. कबूल केलं नाही ते पाळकसाहेबांनी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, नगरकडचे, शिकलेले, मनानं चांगले. त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. मी ख्रिस्ती मंडळीच्या पंचांचा चिटणीस, म्हणून मीही तिथं होतो.

पाळकसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे पाहा, मोशेचं नियमशास्त्र यहूदी लोकांसाठी होतं. प्रभूनं ते पूर्ण केलं. आपण आता कृपेखाली आहोत. ते जोखड पुन्हा मानेवर घ्यायचं नाही.”

भाऊंनी विचारलं, “प्रभू स्वतः शनिवार पाळे का नाई?”

“पाळत असे. पण तो यहूदी होता.”

“मंग मी कोणाच्या मांगं चालून राह्यलो, साहेब?”

पाळकसाहेबांनी पुष्कळ सांगितलं, नव्या करारातल्या पत्रांतले अध्याय काढून दाखवले. भाऊ मान हलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “तिथवर नाई वाचलं अजून. वाचलं का पाहू.” त्यांच्या गतीनं तिथवर पोचायला पाच-सहा वर्षं तरी लागली असती.

पुढं खाण्यापिण्याचा अध्याय आला. रविवारचं जेवण ते आमच्याकडे करत. एकदा एका शिकाऱ्यानं ससा आणून दिला आणि माझ्या बायकोनं तो झणझणीत रांधला. भाऊंनी ताट हळूच मागं सरकवलं.

“ससा चालत नाई, वयनी. तो रवंथ करते, पण त्याचा खूर फाटलेला नाई.”

“ससा रवंथ करतो? कुणी सांगितलं तुम्हाला?”

“लिहिलं हाये.”

“मग लिहिणाऱ्यानं ससा पाहिला नसेल.”

भाऊ हसले. भाकर आणि ठेचा खाऊन उठले. मी मात्र हसलो नाही. मी शास्त्र आधी वाचलेलं होतं. खाण्यापिण्यानंतर दोन पानं उलटली की महारोग्यांचा अध्याय येतो, हे मला ठाऊक होतं. महारोग्यानं कपडे फाडावेत, ओठ झाकावेत, अशुद्ध अशुद्ध म्हणून ओरडावं आणि छावणीच्या बाहेर एकटं राहावं, असं त्यात आहे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य महारोग्यांचे पाय धुण्यात गेलं, तो अर्ध्या-अर्ध्या पानानं तिकडे चालला होता. आणि मी त्याला सावध केलं नाही.

एके दुपारी कडुलिंबाखाली पुस्तक मिटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशीही मिटलेलंच. असे आठ दिवस गेले. भाऊ जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे, आणि मग नुसते बसून राहायचे.

त्या झोपड्यांमध्ये सुदाम नावाचा एक रोगी होता. चाळिशीचा, बोलका. गर्दीत जाता येत नाही म्हणून नागपूरला गेला नव्हता. त्याचा सख्खा भाऊ दीक्षा घेऊन आला, त्याच्याकडून त्यानं झोपडीतच प्रतिज्ञा घेतल्या होत्या आणि त्या त्याला तोंडपाठ होत्या. त्यानंच भाऊंना विचारलं, “पुस्तक काहून बंद हाये?”

भाऊंनी अध्याय काढून वाचून दाखवला. सगळा. मी औषधाच्या खिडकीत होतो, मला ऐकू येत होतं.

सुदाम म्हणाला, “आमी जलमलोच गावाबाहेर, भाऊ. मंग या रोगानं घराबाहेर काढलं. आता तुमचं पुस्तक बी बाहेरच म्हन्ते? आमी एक कायदा आत्ताच टाकून देल्ला. तुमी हा दुसरा कायले उचलून राह्यले?”

“आमच्या बी सात पिढ्या तुमच्याच रांगेत होत्या,” भाऊ म्हणाले. “आमच्यासाठी नियम एकच होता, दूर व्हय. या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं का चाकरालेबी सुट्टी द्या, दासीलेबी द्या, बैलालेबी द्या. माह्या मायनं जलमभर शेण काढलं, तिले एक दिवस कोणी बस म्हटलं नाई. तो नियम सोडवत नाई, सुदाम.”

“अन् हा?”

भाऊ उठले, हात धुतले आणि खोलीत गेले.

नेमका त्याच महिन्यात मंडळीत घोळ झाला. झोपड्यांमधले पाच-सहा ख्रिस्ती रोगी देवळात मागच्या सतरंजीवर बसत. पूर्वी कुणी काही बोललं नव्हतं. आता शाळेत नवे मास्तर आले, त्यांची कुटुंबं आली, कुजबुज सुरू झाली. पंचांची बैठक भरली आणि ठरलं की रोग्यांनी बाहेर, छपराखाली बसून उपासना ऐकावी. मी कागदावर लिहून घेत होतो. एक पंच हसून म्हणाले, “ड्रेसरभाऊंच्या नियमशास्त्रातसुद्धा तसंच आहे.” आम्ही सगळेच थोडे हसलो. कृपेखाली आहोत म्हणणारे पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मीही काही बोललो नाही.

रविवारी रोगी बाहेर बसले. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा भाऊ जागेवरून उठले. देवळात त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

“साहेब, रोग्यानं बाहेर राहावं असं लिहिलं हाये. मी नाई म्हन्त नाई. पन म्या त्याच्या पुढचा अध्याय बी वाचला. याजकानं छावणीबाहेर त्याच्यापाशी जावं, असं हाये. तं चाला.”

कुणी हललं नाही. पंख्याशिवायच्या त्या देवळात घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता, तेवढा मला आठवतो.

“बरं,” भाऊ म्हणाले. “मंग मी जातो. मी याजक नाई, ड्रेसर हाओ. पन कोणीतरी गेलं पाहिजे.”

ते नुसते छपराखाली गेले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपली ट्रंक उचलली आणि नाल्यापलीकडे एका रिकाम्या झोपडीत राहायला गेले. मी म्हणालो, “भाऊ, असं करायची गरज काय?”

“लिहिलं हाये तसंच करून राह्यलो. रोगी बाहेर. पन बाकीच्यानं आत राहावं, असं नाई लिहिलं कुठं.”

त्यानंतर त्यांचा दिनक्रम फार कष्टाचा झाला. वाहत्या जखमेला शिवलं की कपडे धुवायचे, अंघोळ करायची आणि दिवस मावळेपर्यंत अशुद्ध राहायचं, हेही त्यांनी वाचलं होतं. म्हणजे सहा दिवस ते रोज अशुद्ध. आमच्याकडे रविवारी येणं बंद झालं. शनिवारी मात्र काम नसे, तेव्हा येत. अंगणात बसून म्हणत, “आज मी साफ हाओ, वयनी. वाढा.” आणि जेवता जेवता त्यांना डुलकी लागे. घास हातात तसाच राही. बायको दिव्याची वात कमी करावी तसा आवाज कमी करी आणि मला खुणेनं गप्प बसवी.

पंचांनी त्यांना प्रभुभोजनातून, म्हणजे देवळातल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीतून, वगळायचं ठरवलं. कारण दिलं, कृपा सोडून नियमशास्त्राकडे वळले. पत्र मीच लिहिलं आणि मीच नेऊन दिलं. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून ते सगळं वाचलं. मला वाटलं, आता मला काहीतरी बोलतील.

“अक्षर बरं हाये तुमचं,” ते म्हणाले. मग पत्राची घडी केली. “हे बी वाचलं. पन हे देवानं नाई लिहिलं.”

पाळणं काही संपेना. पुढच्या पानांत निघालं की एका शेतात दोन जातींचं बी पेरू नये. भाऊ सडकेवर उभे राहून लांबवर बघू लागले. कपाशीच्या ओळी, मध्ये तुरीची ओळ, पुन्हा कपाशी. थेट राळेगावापर्यंत तेच. “सारा जिल्हाच गुन्ह्यात हाये, बाप्पा,” असं म्हणून ते खाली बसले. आम्ही दोघंही हसलो. पण त्यांचं हसणं लवकर दमलं.

तीन-चार वर्षांनी, नव्या गोळ्यांनी सुदाम बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी रोग गेल्याचा कागद दिला. भाऊंना इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. बऱ्या झालेल्या रोग्याचा विधीही शास्त्रात आहे. दोन जिवंत पाखरं आणायची, एक मारायचं, दुसऱ्याला त्याच्या रक्तात बुडवून मोकळ्या रानात सोडायचं. भाऊंनी एका पारध्याकडून दोन पारवे आणवले आणि मला साक्षीला बोलावलं.

सुदामनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं टोपलीवर हात ठेवला. बोटं झडलेला, पण बरा झालेला हात.

“भाऊ, तुमचा मान हाये. पन म्या जीव न मारायचं वचन घेतलं हाये. माह्या नावानं पाखरू मरू देनार नाई.”

“लिहिलं तं असंच हाये, सुदाम. एक मरते तवा दुसरं सुटते.”

“मंग मले नाई सुटायचं.”

भाऊ जमिनीवर बसले. उन्हं वाढली, टोपलीतले पारवे फडफडून शांत झाले. इतक्या वर्षांत वाचलेलं एकही अक्षर त्यांनी सोडलं नव्हतं. त्यासाठी घर सोडलं, पंगत सोडली, प्रभूचं भोजन सोडलं. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

शेवटी त्यांनी टोपली सुदामकडे ढकलली. “सोड. दोन्ही सोड.”

पारवे उडाले आणि कपाशीच्या पऱ्हाटीवरून दूर गेले. मी भीतभीत विचारलं, “भाऊ, नियम मोडला ना?”

“मोडला,” ते म्हणाले. “देवानं विचारलं तं सांगीन, का समोरच्याचा बी एक नियम होता. दोन्ही पाळता येईना.” आणि मग फार हळू, “थकलो बाप्पा आता.”

सुदाम त्याच दिवशी एसटीनं गावी गेला. कंडक्टरनं त्याला बसू दिलं, हे भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं, मगच वळले.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणून आडवे झाले ते उठले नाहीत. नाल्यापलीकडे गेल्यापासून दमून वाचन ओळ-दोन ओळींवर आलं होतं, म्हणून शास्त्र तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटाशीच आलं होतं. मंडळीच्या दफनभूमीत जागा देण्यावरून पंचांत बोलणं सुरू झालं. ते संपायच्या आत रोग्यांनी नाल्यापलीकडे खड्डा खणला आणि त्यांना माती दिली. पाळकसाहेब आले, लांब उभे राहिले, मग जवळ आले. प्रार्थना त्यांनी केली.

महिन्याभरानं नवा ड्रेसर आला. तरणा, हुशार, हातात रबरी मोजे. काम चोख आणि झटपट. पण ओट्यावरची एक म्हातारी पाय पुढं करीना. तो चिडला. मी खिडकीतून बाहेर आलो आणि काय झालं म्हणून विचारलं.

“हा बोलतच नाई,” ती म्हणाली. “भाऊ पाय धुताना बोलत राहायचे. पायाले शिवलेलं कळत नाई, मले तं कळते ना.”

मी बाही वर केली, नव्या पोराच्या हातातलं टमरेल घेतलं आणि खाली बसलो. इतक्या वर्षांत मी त्या लोकांना खिडकीतून पुड्या दिल्या होत्या. कुणाला हात लावला नव्हता. पाय जड होता. ऊन लागून गरम झालेला होता.

“आजी,” मी म्हणालो, “तुमचं गाव कोणतं?”

तिनं पाय सैल सोडला आणि सांगायला लागली.