अर्ध्या सेकंदाचा फरक

दिल्लीत त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून प्रांजलचं नाव पुकारलं, तेव्हा खुटबावात बन्सी गुरुजींच्या टीव्हीपुढं निम्मी आळी जमली होती. प्रांजल माईकवर म्हणाली, "आमच्या सरांनी मला निवडलं नसतं, तर मी इथं नसते." टाळ्या पडल्या. गुरुजी उठून मागल्या दारी गेले.

चौदा वर्षांपूर्वी ते एका वस्तीवरच्या शाळेत होते. सरकारी क्रीडा प्रबोधिनीसाठी शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. कालव्याच्या रस्त्यावर चारशे मीटर मोजून त्यांनी प्रांजलला आणि नकुशीला एकेकटं पळवलं. नकुशीला कमी वेळ लागला. पण प्रांजलच्या वडलांनी शाळेच्या मैदानाला जागा देऊ केली होती, आणि गुरुजींची लांबची बदलीही तेच थांबवणार होते. घड्याळ गुरुजींच्या हातात होतं.

"अर्ध्या सेकंदानं मागं पडलीस, नकुशे," ते म्हणाले. पोरगी चपला घालून घरी गेली. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं.

प्रांजलनं पुढं जीव तोडून मेहनत केली. तिचं यश खोटं नव्हतं. त्यामुळंच गुरुजींना कुणाजवळ बोलायची सोय राहिली नाही.

टीव्हीवरच्या त्या सोहळ्यानंतर चार दिवसांनी ते तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात गेले. नकुशी झेंडूच्या ढिगामागं बसली होती. तिनं लगबगीनं त्यांना बसायला पोतं अंथरलं.

"सर, बघितलं का प्रांजलला? मी पोरीला सांगते, हिच्यासंगं पळलेय मी. अर्ध्या सेकंदानं हारले."

"हारली नव्हतीस," गुरुजी म्हणाले, आणि खाली बघतच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

नकुशी फुलं निवडत राहिली. एक गिऱ्हाईक भाव विचारून निघूनही गेलं.

"तवाच सांगितलं असतं, तर भांडले तरी असते," ती शेवटी म्हणाली. "बा म्हणायचा, पोरीत दमच न्हाई. मलाबी तसंच वाटायचं. शिवणाचा क्लास लावला न्हाई, पोलीस भरतीला गेले न्हाई. म्हटलं, कायबी केलं तरी आपण कमीच पडणार."

"रविवारी प्रांजलचा नि माझा सत्कार हाय. समद्यांपुढं खरं बोलतो," गुरुजी म्हणाले.

"नका. त्यात तिचा काय गुन्हा?"

रविवारी गुरुजींच्या खांद्यावर शाल पडली. प्रांजल पाया पडली. त्यांना बोलायचा आग्रह झाला, तेव्हा घसा बसलाय म्हणाले नि खाली बसले.

गुरुजींनी नकुशीला यायचा निरोप धाडला होता. ती आली नाही.