घामाचं वाक्य

बी.एड.च्या सरावासाठी ती आमच्या शाळेत आली आणि माझा नववीचा वर्ग तिला मिळाला. प्रोजेक्टर सुरू करण्याआधी ती ओढणी कमरेला घट्ट बांधायची, जणू तोच उचलून न्यायचा आहे. विज्ञानाचे व्हिडिओ ती स्वतःच मोबाइलवर काढायची. आवाजही तिचाच, अस्सल वऱ्हाडी.

‘कार्य’ शिकवायला तिने कळमन्याच्या बाजारातला एक हमाल टिपला होता. “पोतं उचललं तवा काम झालं. आता तो डोक्यावर घेऊन सरळ चालून राह्यला, त पुस्तक म्हनते, वजनाच्या विरुद्ध काम शून्य. पन घाम त येऊन राह्यला ना गा त्याले?”

इथे वर्ग उसळायचा. ज्यांचे वडील तिथे हमाली करायचे ती पोरं तर भांडायलाच उठायची, आणि भांडता भांडता धडा शिकायची.

परीक्षेच्या पाठाला तिच्या कॉलेजचे सर मागच्या बाकावर बसले. व्हिडिओ तोच होता. आवाज मात्र पुस्तकी, आणि घामाचं वाक्य गायब. वर्ग गप्प बसला. सरांनी त्या शांततेचंच कौतुक केलं.

सर गेल्यावर एका मुलीने विचारलं, “म्याडम, घामाचं काहून काढलं?”

“पुसून टाकलं वं,” ओढणीची गाठ सोडत ती म्हणाली. “पास व्हाचं हाय ना मले.”

ती पास झाली. जुना व्हिडिओ मी आधीच मागून ठेवला असता तर बरं झालं असतं. नवा दरवर्षी दाखवते. भांडायला कोणी उठत नाही.