मगन पाटलाचा पहिला नंबर

कोरीटच्या मगन पाटलाला उशीर म्हणजे काय, हे ठाऊकच नव्हतं. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तर मांडवाचे खांब रोवायच्या आधी हा दारात हजर. नवरीच्या बापाला प्रश्न पडायचा, की हा जेवायला आलाय की खड्डे खणायला? मगन आधी खड्डे खणायचा आणि मग पहिल्या पंगतीला बसायचा.

कापसाच्या हंगामात तर विचारूच नका. नंदुरबारच्या जिनाचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, फाटक सकाळी उघडायचं, आणि मगनची गाडी आदल्या संध्याकाळीच फाटकाला टेकून उभी. तिथला कायदा साधा होता. गाडी लागली की नंबर लागला. मालक चहाला गेला, बैल पाण्यावर गेले, तरी जू जमिनीवर टेकलेलं असेल तर त्या जागेवर कुणी हक्क सांगायचा नाही. एकदा मगनचा साडू उखा मागून आला आणि म्हणाला, "भाऊ, जरा पुढे घे ना मला." मगन म्हणाला, "साडू मागून आला तर साडू मागेच. हाजिर तो वजीर!" उखा दोन वर्षं बोलला नाही. मगनला त्याचं काही वाटलं नाही.

याला कारण होतं. मगन ते कुणाला सांगत नसे, पण त्याच्या बायकोला, जसोदाबाईला, ते सांगायची गरजच नव्हती. मुलगा रतिलाल याच्या आधी त्यांना एक मुलगी होती, गुलाब. तिला ताप चढला तेव्हा मगन गाडी जुंपून तिला एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने तपासून औषध लिहून दिलं. पण औषधाच्या खिडकीपुढे रांग मोठी, आणि मगन मागे. त्याची पाळी यायच्या आत खिडकी बंद झाली. आतून आवाज आला, "उद्या या." पोरीने उद्याची वाट पाहिली नाही. तेव्हापासून मगन पाटील कुठल्याच रांगेत दुसरा उभा राहिला नाही, आणि आपल्या घरातलं कुणीतरी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलं असावं, एवढी एकच गोष्ट त्याने मनात धरली.

आता ते कुणीतरी म्हणजे रतिलालच. पोरगा गुणी होता. हाताचा तर इतका स्थिर, की तेलाच्या डब्यातून बाटलीत नरसाळ्याशिवाय तेल ओतायचा आणि एक थेंब सांडायचा नाही. पण परीक्षा म्हटली की पाचावर धारण बसायची! मॅट्रिकच्या पहिल्या खेपेला त्याने पेपरवर स्वतःचं नाव सुरेख अक्षरात लिहिलं आणि बाकीचे तीन तास घाम पुसला. दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, कसाबसा सुटला. पुढच्या कुठल्याही कॉलेजात आधी परीक्षा द्यावी लागेल असं कुणी नुसतं म्हटलं, तरी तो पांघरूण घेऊन झोपायचा.

म्हणून १९५८च्या उन्हाळ्यात गावच्या शाळेतल्या नवलसिंग मास्तरांनी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून दाखवली, तेव्हा मगन ओट्यावरून ताडकन उठला. सुरतेकडे औषधशास्त्राची एक नवी शाळा निघाली होती. प्रवेशाला परीक्षा नाही. मॅट्रिक पास हवा. अर्ज येतील त्या क्रमाने जागा भरतील. जागा थोड्या.

"म्हणजे जिनासारखंच!" मगन म्हणाला.

"तसं म्हणा," मास्तर हसले. "पण अर्ज जूनमध्ये घेणार आहेत. अजून मे अर्धा जायचाय."

पुढचं मगनने ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी अंथरुणाची वळकटी, भाकऱ्यांचं गाठोडं आणि घाबरलेला रतिलाल घेऊन तो नंदुरबार स्टेशनावर होता. गाव हसलं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" उखा मुद्दाम ऐकू जाईल असं बोलला. जसोदाबाई मात्र हसली नाही. तिने लाल मिरचीचा ठेचा डब्यात भरून दिला आणि म्हणाली, "नंबर लागल्याशिवाय येऊ नका."

तिकडे पोचले तर शाळेचं फाटक बंद होतं. बन्सीलाल नावाचा शिपाई स्टुलावर पेंगत होता. मगनने फाटकाला लागून घोंगडी अंथरली आणि तिच्या पुढच्या टोकावर आपली पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, आडवी ठेवली. गाडी नव्हती, तर गाडीची खूण तरी!

"काका, इथे कापूस घेत नाहीत," बन्सीलाल म्हणाला.

"पहिला नंबर मन्हा शे. मी आठेच बससू." मगनने तिथेच मांडी ठोकली.

"अहो, पण फाटक उघडायला अजून किती दिवस आहेत!"

"मग काय झालं? मागून येणारे आपले मागे उभे राहतील."

मागून कोण येणार होतं त्या उन्हात! बन्सीलालने कपाळाला हात लावला. पण माणूस भला होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने पाण्याचा माठ दाखवला, दुसऱ्या दिवशी ठेचा चाखला, आणि तिखटाने डोळ्यांतून पाणी काढत त्या दोघांना आतल्या पडवीत झोपायची परवानगी दिली. पराणी मात्र फाटकाशीच राहिली. आल्या-गेल्याला बन्सीलालच सांगायला लागला, "ओलांडू नका हो, तिथे नंबर लागलाय."

रिकामं बसणं रतिलालच्या स्वभावात नव्हतं. मागच्या अंगाला सुगंधाबाई नावाची बाई काचेच्या बाटल्यांचा ढीग धूत बसायची. हा तिच्या शेजारी जाऊन बसला. आधी बाटल्या धुतल्या, मग पुसल्या, मग लहानमोठ्या वेगळ्या लावल्या. तिथे अर्ध्या बाह्यांचा बनियन घातलेले, धोतर नेसलेले एक गृहस्थ रोज यायचे. शाळेची कोठी सांभाळणारे असावेत. ते मगनशी कपाशीच्या गप्पा मारायचे, आणि जाता जाता पोराला काहीतरी करायला सांगायचे. हे पाणी मापून भर बघू. ही पूड सारखी वाट. ह्या काट्यावर ह्या दोन पुड्या सारख्या आहेत का पाहा. रतिलाल करायचा, चुकलं की स्वतःच हसायचा, पुन्हा करायचा. एकदा त्यांनी विचारलं, "एक पुडी जड झाली तर काय बिघडलं?" रतिलाल म्हणाला, "काका, ती कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार ना!" काकांनी आणखी दोन पुड्या त्याच्यापुढे सरकवल्या.

होता होता तो दिवस उजाडला. फाटकाबाहेर पोरांची रांग लागली, चांगले इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं. सगळ्यांच्या पुढे मगन, मिशीला पीळ देत. बन्सीलालने फाटकावर कागद चिकटवला आणि मोठ्याने वाचला: "प्रत्येक उमेदवाराने अर्जासह मोठ्या सरांना समक्ष भेटावे. सर दोन-चार प्रश्न विचारतील."

मगनने मागे वळून पाहिलं, तर रतिलाल गायब!

फाटकातून डोकावून पाहिलं, तर पडवीत नाही, माठाजवळ नाही. शोधायला जावं तर जागा सुटते, न जावं तर पोरगा स्टेशन गाठतो. इतक्यात फाटकाशेजारची खिडकी उघडली आणि कारकून म्हणाला, "पहिला उमेदवार?"

"गाडी लागेल शे साहेब, बैल येई ऱ्हायनात," मगन म्हणाला. गाडी लागलीय, बैल येतायत, हे उत्तर जिनात चालायचं.

मागची पोरं खो खो हसली. "उमेदवार नसेल तर बाजूला व्हा," कारकून म्हणाला. मगन हलला नाही. मागून कुणी ढकललं, तरी हलला नाही. पराणी दोन्ही हातांनी आडवी धरून तो उभा राहिला. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

गलका ऐकून आतून मोठे सर बाहेर आले. कोट, टोपी, चष्मा. मगन बघतच राहिला. अरे, हे तर बनियनवाले काका!

"मगनभाई, मुलगा कुठे आहे?"

आता मगनचा बांध फुटला. "भ्याला साहेब. परीक्षेला भितो तो. मॅट्रिकलाही असाच भ्याला होता. जाहिरातीत परीक्षा नाही म्हटलंत, म्हणून तर मी इतक्या लवकर आलो. माझी एक पोर औषधाच्या खिडकीपाशी नंबर न लागल्याने गेली. हा तरी आतल्या बाजूला बसावा, एवढंच माझं मागणं. तुम्ही त्याला काही विचारू नका. मला विचारा!"

रांगेतलं हसू थांबलं. सरांनी मगनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मागच्या अंगाला नेलं. सुगंधाबाईच्या शेजारी रतिलाल खाली मान घालून बाटल्या पुसत होता. चेहरा पांढराफटक, पण हात मात्र जराही कापत नव्हते. सरांना कोटात पाहून तो धडपडत उठला.

"बस, बस," सर म्हणाले. "माझे दोन-चार प्रश्न तुला कधीच विचारून झालेत. रोज विचारत होतो. तू पास झालास."

रतिलालला काही कळेना. सुगंधाबाईने त्याला कोपराने ढोसलं, "अरे, पाया पड की!"

कारकुनाने नाव लिहिलं: रतिलाल मगन पाटील, क्रमांक एक. गंगेत घोडं न्हालं. मगनने बन्सीलालला मिठी मारली आणि उरलेला ठेचा त्याला देऊन टाकला.

पुढे रतिलाल शिकून आला आणि नंदुरबारकडच्या धानोऱ्यात त्याने औषधाचं दुकान काढलं. पहिलं गिऱ्हाईक कोण होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. उजाडायच्या आत मगन दुकानाच्या पायरीवर बसला होता, पराणी आडवी टाकून. डोकं मुळीच दुखत नव्हतं, पण डोकेदुखीची गोळी मागायची, हे त्याने कालच ठरवलेलं. जसोदाबाई शेजारी बसून त्याची थट्टा करत होती.

तेवढ्यात एक बाई झपाझप येऊन त्याच्या मागे उभी राहिली. पाड्यावरची धनीबाई. कडेवर तापाने मलूल झालेली मुलगी, मुठीत डॉक्टरची चुरगळलेली चिठ्ठी. ती नुसती बंद दाराकडे बघत राहिली. जसोदाबाईची थट्टा थांबली.

आतून कडी निघाली. रतिलालने दार उघडलं आणि बापापुढे वाकून म्हणाला, "या बापू, पहिला नंबर!"

मगन उठला. पायरीवरची पराणी त्याने उचलून काखेत मारली आणि बाजूला सरकला.

"पुढे ये माय," तो म्हणाला. "पहिला नंबर तुन्हा शे."

धनीबाई आत गेली. रतिलालने चिठ्ठी वाचली, औषध मापलं, बाटलीत भरलं, कसं पाजायचं ते दोनदा समजावलं, आणि पहिला घोट तिथेच पाजला. जसोदाबाई पदराने डोळे पुसत होती. धनीबाई वाटेला लागली, तेव्हा कुठे रतिलालने विचारलं, "बापू, तुम्हाला काय देऊ?"

मगन त्या बाईच्या कडेवरच्या पोरीकडे बघत राहिला होता. आपण काय मागायला आलो होतो, ते त्याला काही केल्या आठवेना.